परदेशी विद्यापीठाचा अर्ज: वाचणारा नेमकं काय शोधत असतो?

हार्वर्ड कॉलेजकडे २०२४ च्या प्रवेशासाठी ५४,००८ अर्ज आले आणि १,९३७ जणांना होकार मिळाला. म्हणजे साधारण अठ्ठावीस अर्जदारांमागे एक. एमआयटी परदेशी अर्जदारांचे आकडे वेगळे जाहीर करते आणि त्यांच्यात निवड होण्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास असतं. दरवर्षी निकालाच्या मोसमात असे आकडे बातम्यांत झळकतात आणि पाठोपाठ दोन ठरलेली मतं ऐकू येतात. एक, ‘ही सगळी लॉटरी आहे.’ दुसरं, ‘एक रिसर्च पेपर, एक इंटर्नशिप, एक समाजसेवा आणि परीक्षेत भरघोस गुण, एवढा संच जमला की काम फत्ते.’

दोन्हींत थोडं थोडं तथ्य आहे. पण अर्ज हा कुणीतरी वाचायचा कागद असतो, हे दोन्ही मतांत निसटतं. वाचणाऱ्यासमोर फाइलींचा ढीग असतो, प्रत्येक फाइलीला द्यायला मोजका वेळ असतो आणि त्याला एका ठरावीक प्रश्नाचं उत्तर हवं असतं. तो प्रश्न देशागणिक बदलतो. एका देशात दमदार ठरलेला अर्ज दुसरीकडे फिका पडतो तो यामुळेच. तेव्हा ‘माझं प्रोफाइल स्ट्राँग आहे का?’ हे विचारण्याआधी ते कोण वाचणार आहे हे विचारायला हवं.

तीन देश, तीन वेगळे प्रश्न

ब्रिटनपासून सुरुवात करू, कारण तिथला प्रश्न सगळ्यात सरळ आहे: या विद्यार्थ्याला हा विषय झेपेल का आणि त्याला तो खरोखर शिकायचा आहे का? तिथले पदवीचे जवळजवळ सगळे अर्ज यूकास या मध्यवर्ती यंत्रणेमार्फत जातात. जास्तीत जास्त पाच पर्याय भरता येतात. वैद्यकीय, दंतवैद्यकीय आणि पशुवैद्यकीय अभ्यासक्रमांसाठी चारच. सगळीकडे एकच पर्सनल स्टेटमेंट, म्हणजे विषयाची आवड आणि तयारी सांगणारं स्वतःचं निवेदन, जातं. त्यामुळे त्यात एका विद्यापीठाचं गुणगान केलं की उरलेल्या चार ठिकाणी ते विनोदी दिसतं. आणि अर्थशास्त्र, कायदा, मानसशास्त्र असे तीन वेगळे विषय निवडले तर ते स्टेटमेंट कुठेच धड बसत नाही.

२०२६ च्या प्रवेशापासून या स्टेटमेंटचे तीन प्रश्न केले आहेत: हा विषय का, आतापर्यंतच्या शिक्षणातून त्याची तयारी कशी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केलंत व त्याचा काय उपयोग. तिन्ही उत्तरं मिळून मर्यादा ४,००० कॅरेक्टरची, मधल्या मोकळ्या जागा धरून. तिसरा प्रश्नसुद्धा त्या विषयाच्या तयारीबद्दलच आहे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. भौतिकशास्त्राला अर्ज करताना वादविवाद स्पर्धेतल्या ढाली मोजत बसलात तर जागा वाया गेली.

ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची मुदत बाकीच्यांच्या बरीच आधी, १५ ऑक्टोबरला संपते आणि पदवीसाठी एकाच वर्षी दोन्हीकडे अर्ज करता येत नाही. तिथली मुलाखत सहसा पुढे शिकवणारे प्राध्यापकच घेतात. ते पूर्वी न पाहिलेलं गणित किंवा उतारा पुढे ठेवतात आणि तुम्ही मोठ्याने विचार कसा करता ते पाहतात. अडलात, त्यांनी धागा दिला आणि तो पकडून पुढे सरकलात, तर ती मुलाखत चांगली झाली. पाठ केलेली उत्तरं इथे उपयोगी पडत नाहीत.

अमेरिकेतल्या नामवंत कॉलेजांचा प्रश्न निराळा आहे. चार वर्षं आमच्या आवारात राहणाऱ्या मुलामुलींच्या या गटात हा माणूस काय भर घालेल? विषय कोणता घ्यायचा हे तिथे बहुधा नंतरही ठरवता येतं, म्हणून अर्जात अख्खा माणूस पाहायची पद्धत आहे. तिला ‘होलिस्टिक रिव्ह्यू’ म्हणतात: गुण, निबंध, शिफारसपत्रं, उपक्रम, घरची परिस्थिती हे सगळं एकत्र तोलणं. एक हजाराहून अधिक कॉलेजं ‘कॉमन अ‍ॅप’ हा सामायिक अर्ज स्वीकारतात. त्यातून वीस ठिकाणांपर्यंत अर्ज करता येतो. मुख्य निबंध जास्तीत जास्त ६५० शब्दांचा आणि त्यावर प्रत्येक कॉलेजचे स्वतःचे छोटे प्रश्न.

जर्मनीच्या सरकारी विद्यापीठांचा प्रश्न रोखठोक आहे: अट पूर्ण होते की नाही? मास्टर्सच्या अर्जात आधीच्या पदवीत संबंधित विषयांचे किती क्रेडिट्स (अभ्यासभाराचं माप) होते, हे अनेक ठिकाणी कोष्टक मांडून तपासतात. गणिताचे क्रेडिट्स कमी भरले, तर हृदयद्रावक निबंध ते भरून काढत नाही. तिथे जायचं असेल तर ‘प्रोफाइल बिल्डिंग’ म्हणजे पदवीतले ऐच्छिक विषय वेळेत शहाणपणाने निवडणं. जाता जाता, तिथलं शिक्षण सरसकट फुकट आहे ही समजूत जुनी झाली. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सेमिस्टरला १,५०० युरो घेतं आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून अशा नव्या विद्यार्थ्यांना फी लावली आहे.

‘मार्क उत्तम आहेत, मग अडतं कुठे?’

हार्वर्डविरुद्ध २०१४ साली दाखल झालेल्या आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात निकाल लागलेल्या खटल्यामुळे एरवी बंद असलेली दारं किलकिली झाली. मूळ वाद प्रवेशात वंश विचारात घेण्याचा होता. पण त्यानिमित्ताने अर्ज कसे वाचले जातात तेही उजेडात आलं. २०१९ साली पदवीधर होणार असलेल्या तुकडीसाठी सुमारे ३५,००० अर्ज होते आणि जागा सुमारे १,६००. त्या अर्जदारांपैकी साधारण ३,४०० जणांना सॅट या प्रवेशपरीक्षेच्या गणितात पैकीच्या पैकी गुण होते, साधारण २,७०० जणांना भाषा विभागात, आणि शाळेतले गुण अगदी निर्दोष असलेले देशांतर्गत अर्जदारच ८,००० हून जास्त. नुसत्या गुणांवर यादी लावायची म्हटली तरी जागा पुरल्या नसत्या.

म्हणून गुण दारापर्यंत आणतात. आत कोणाला घ्यायचं ते बाकीच्या कागदांवर ठरतं. त्याच खटल्यातून कळलं की तिथे अभ्यास, अभ्यासेतर उपक्रम, खेळ आणि व्यक्तिमत्त्व यांना १ ते ६ असे अंक देतात, १ सर्वांत वरचा. पुढे साधारण चाळीस जणांची समिती मतदान करते. ती समिती संघ निवडत असते. अकराही सलामीवीर घेऊन कुणी मैदानात उतरत नाही, आणि बाहेर राहिलेला बारावा सलामीवीर वाईट खेळतो असंही नसतं. त्या वर्षी यष्टिरक्षक हवा होता, एवढंच. ‘माझ्यापेक्षा कमी मार्कांचा घेतला’ या तक्रारीचं बरंचसं उत्तर इथे मिळतं.

सगळंच निरागस आहे असं मात्र समजू नका. माजी विद्यार्थ्यांची मुलं, देणगीदारांच्या ओळखीचे, खेळाडू म्हणून आधीच हेरलेले, अशांना झुकतं माप मिळतं हेही त्याच खटल्यात पुढे आलं. परदेशी अर्जदाराला ते बदलता येत नाही, पण आपण कोणत्या उरलेल्या जागांसाठी स्पर्धा करतोय हे ठाऊक असावं.

गुण वाचायचीही एक पद्धत आहे. शाळा आपल्याबद्दल एक माहितीपत्रक पाठवते, त्याला ‘स्कूल प्रोफाइल’ म्हणतात: कोणते विषय उपलब्ध आहेत, गुणदान किती कडक आहे. वाचणारा तुमचे गुण त्याशेजारी ठेवतो. उपलब्ध असलेल्यांतलं अवघड निवडलंत का, एवढं त्याला पाहायचं असतं. शाळेत नव्हताच तो विषय घेतला नाही म्हणून कुणी गुण कापत नाही.

सॅटबद्दलचा गोंधळ चटकन मिटवू. महामारीत बहुतेकांनी ती ऐच्छिक केली. एमआयटीने २०२२ मध्ये ती पुन्हा सक्तीची केली. २०२४ मध्ये डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड आणि कॅलटेकनेही तोच मार्ग धरला. उलट कॅलिफोर्निया विद्यापीठाची सगळी कॅम्पस प्रवेशासाठी तो गुण बघतच नाहीत. त्यामुळे ‘सॅट लागते का?’ याला एक उत्तर नाही. त्या त्या विद्यापीठाचं चालू वर्षाचं पान उघडून पाहा.

दीडशे कॅरेक्टरांची परीक्षा

कॉमन अ‍ॅपमध्ये उपक्रमांच्या यादीला दहा जागा आहेत आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० कॅरेक्टर. एवढ्याशा जागेत अर्जाचा कस लागतो, आणि नेमकी ही यादी लोक शेवटच्या रात्री भरतात.

हवामानात रस असलेली एक काल्पनिक विद्यार्थिनी घेऊ. तिने आधी असं लिहिलं:

‘शाळेच्या विज्ञान मंडळाची अध्यक्ष. विविध उपक्रमांचं यशस्वी आयोजन. नेतृत्व आणि संघभावना विकसित झाली.’

मग असं:

‘शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक बसवला, १४ महिने रोज नोंदी, अंदाजाशी तुलना, सुट्टीत खंड नको म्हणून ९ जणांची पाळी लावली.’

दोन्ही मर्यादेत बसतात. पहिल्यात वाचणाऱ्याला काहीही दिसत नाही, कारण असं मंडळ आणि असा अध्यक्ष प्रत्येक शाळेत असतो. दुसऱ्यात नेतृत्व हा शब्दच नाही, पण नऊ जणांची पाळी आहे, आणि ती पाळी सांभाळणं म्हणजे काय हे वाचणारा स्वतः समजून घेतो. विशेषणं काढा, क्रियापदं आणि आकडे ठेवा. पद काय होतं यापेक्षा तुमच्यामुळे काय घडलं ते लिहा.

दहाही जागा भरल्याच पाहिजेत असं नाही. सहा खऱ्या आणि चार फुगवलेल्या नोंदींपेक्षा सहाच बऱ्या. पगारी काम आणि घरच्या जबाबदाऱ्या यांच्यासाठी या यादीत वेगळे प्रकार दिलेले आहेत, तरी मुलं ते लिहायला संकोचतात. आजारी आजोबांचं सगळं करणं, धाकट्या भावंडांना सांभाळणं, दुकानात बसणं, यात आठवड्याचे पंधरा तास जात असतील तर ते लिहा. नाहीतर वाचणाऱ्याला तुमची यादी विनाकारण रोडकी वाटेल आणि कारण त्याला कळणारच नाही.

विकतच्या रिसर्च पेपरबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पैसे भरून आठ आठवड्यांत नाव छापून आणून देणाऱ्या योजना आता वाचणाऱ्यांना ओळखू येतात. मुलाखतीत ‘ही पद्धत का वापरलीस?’ एवढं विचारलं तरी पितळ उघडं पडतं.

निबंध: कुणालाही चिकटवता येणारं वाक्य

२००७ साली यूकासने सुमारे ५०,००० पर्सनल स्टेटमेंट्स नक्कल शोधणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढली. त्यांत २३४ जणांनी एकच हकीकत सांगितली होती: आठव्या वर्षी रसायनांच्या खेळण्याशी खेळताना पायजम्याला भोक पडलं आणि विज्ञानाची गोडी लागली. हकीकत इंटरनेटवरच्या एका नमुन्यातली होती. ती पहिल्यांदा लिहिणाऱ्याचा पायजमा कदाचित खरंच जळला असेल, पण नंतरच्यांनी त्याचीही राख केली.

आज नक्कल एवढी उघड नसते. तरी ‘लहानपणापासूनच मला आकाशाचं कुतूहल होतं’ अशा वाक्यांचा सुकाळ आहे. कसोटी सोपी आहे: तुमचं वाक्य शेजारच्या मुलाच्या अर्जावर चिकटवलं तरी चालत असेल, तर ते काढून टाका. आपल्या पर्जन्यमापकवालीने पहिल्या खर्ड्यात आकाश, ढग आणि आजीच्या गोष्टी लिहिल्या होत्या. पुढच्या खर्ड्यातली सुरुवात अशी:

‘चार दिवस माझा आकडा हवामान खात्यापेक्षा कमी येत होता. मी खात्यालाच दोष दिला. पाचव्या दिवशी वारा फिरला आणि आकडे जुळले. तेव्हा माझी नजर पाण्याच्या टाकीच्या भिंतीकडे गेली. वाऱ्याबरोबर तिरपा येणारा पाऊस तिने अडवला होता.’

पुढे ती सांगते की अडथळ्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर मापक ठेवावा लागतो हे तिला नंतर वाचून कळलं, आणि आधीच्या साऱ्या नोंदींचं काय करायचं हा पेच पडला. टाकून द्यायच्या, की वाऱ्याची दिशा पाहून वेगळ्या काढायच्या? आता हा निबंध दुसऱ्या कुणाचा असूच शकत नाही. शिवाय आपलं चुकलं असेल अशी शंका या मुलीला येते, हे तिने न सांगता कळलं. प्रयोगशाळेत अशीच माणसं हवी असतात.

दुःखाबद्दल लिहावं का, असं अनेकजण विचारतात. लिहावंसं वाटत असेल तर जरूर लिहा. पण प्रवेशासाठी जखम उघडी करून दाखवायची सक्ती नाही आणि साध्या विषयावरचा निबंध कमी प्रतीचा ठरत नाही. एखाद्या वर्षी आजारपणामुळे किंवा घरच्या अडचणीमुळे गुण घसरले असतील, तर त्यासाठी ‘अ‍ॅडिशनल इन्फर्मेशन’ हा वेगळा रकाना आहे. तिथे काय झालं, कधी झालं आणि आता काय स्थिती आहे हे चार कोरड्या वाक्यांत सांगा. मुख्य निबंध मोकळा राहील.

आणि एआय? कॉमन अ‍ॅपच्या नियमांत २०२३ पासून एआयने तयार केलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणं हे फसवणुकीत मोडतं. यूकासची भूमिकाही तशीच आहे. पकडले जाल की नाही हा भाग सोडा. अशा मजकुरात टाकीची भिंत नसते. ती फक्त तुम्हाला माहीत असते.

शिफारसपत्र म्हणजे नुसतं प्रशस्तिपत्रक नव्हे

अर्जातला हा सर्वांत दुर्लक्षित कागद आहे. ‘अत्यंत हुशार, नम्र आणि कष्टाळू विद्यार्थिनी’ असं पत्र वाचणाऱ्याने त्याच दिवशी चाळीस वेळा वाचलेलं असतं. त्याला हवा असतो एक प्रसंग, जो विद्यार्थ्याने स्वतः सांगितला असता तर बढाई वाटली असती. पर्जन्यमापकवालीच्या भूगोलाच्या बाईंनी लिहिलं की प्रकल्पाला पूर्ण गुण मिळून गेल्यावरही ती आधीच्या नोंदी दुरुस्त करून घेऊन आली, आणि गुण बदलणार नाहीत हे तिला माहीत होतं. निबंधात हे नाही, उपक्रमांच्या यादीत नाही. पत्रातून नवी गोष्ट कळली आणि आधीच्या दोन्हींना पुष्टीही मिळाली. चांगल्या फाइलीत कागद असे एकमेकांना दुजोरा देतात. एकच गोष्ट चार ठिकाणी उगाळत नाहीत.

म्हणून मोठ्या हुद्द्याच्या माणसाकडे धावू नका. मुख्याध्यापकांनी तुम्हाला शिकवलंच नसेल तर त्यांच्या पत्रात काय असणार? ज्यांनी अलीकडे शिकवलं, ज्यांच्यासमोर तुम्ही अडलात आणि पुन्हा उभे राहिलात, त्यांच्याकडे जा. निदान दोन महिने आधी जा आणि सोबत एक पानभर टिपण द्या: कुठे अर्ज करतोय, त्यांच्या वर्गातलं काय आठवतं, कोणता प्रकल्प केला.

बऱ्याच ठिकाणी सर म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ नम्रपणे टाळा. तीन पत्रं आणि निबंध एकाच हातचे असले की शब्दांच्या लकबी ओळखू येतात, आणि मग सगळी फाइलच संशयात सापडते. ‘सर, मी मुद्दे आणून देतो, पत्र तुम्ही तुमच्या शब्दांत लिहा’ असं म्हटलं तर बहुतेक सर ऐकतात. अमेरिकन अर्जात पत्र पाहण्याचा हक्क सोडता का, असाही प्रश्न असतो. सोडावा. लिहिणारा मोकळेपणाने लिहितो आणि वाचणाराही त्या पत्रावर जास्त विश्वास ठेवतो.

मास्टर्स आणि पीएचडीचं गणित वेगळं

वर सांगितलेलं बरंचसं पदवीचं झालं. पुढच्या शिक्षणासाठी अर्ज विभागाकडे जातो आणि पीएचडीत तर थेट प्राध्यापकच वाचतात. त्यांचा प्रश्न: ही व्यक्ती पाच-सहा वर्षं माझ्यासोबत काम करू शकेल का? तिथे शाळेतलं कर्णधारपद आणि बालपणीचं कुतूहल दोन्ही बाजूला ठेवा.

स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे बोलीभाषेतला एसओपी, ही आत्मकथा नसते. मी कोणता प्रश्न हाताळला, काय निघालं, काय सुटलं नाही, पुढे काय शोधायचंय आणि ते तुमच्याच विभागात का, एवढं त्यात हवं. ‘आपल्या जगविख्यात विद्यापीठात’ हे शब्द आले की समजा, वाचणाऱ्याचं लक्ष उडालं. दोन-तीन प्राध्यापकांची नावं घ्या, पण त्यांचं अलीकडचं काम वाचून. निवृत्त झालेल्या माणसाचं नाव टाकणारे दरवर्षी असतात. आधी ई-मेल करायचा असेल तर सहा ओळींचा करा, त्यात त्यांच्या कामाबद्दल एक खरा प्रश्न असू द्या. पन्नास जणांना एकच मजकूर पाठवलात तर तो तसाच वाचला जातो, म्हणजे वाचला जात नाही.

पैशाचा फरकही इथेच आहे. अमेरिकेतल्या अनेक पीएचडींत फी माफ असते आणि निर्वाहभत्ता मिळतो. मास्टर्सचा खर्च बहुधा विद्यार्थ्याच्याच खिशातून जातो.

‘पैसे नसतील तर अर्ज करूच नये का?’

करावा, पण कुठे ते पाहून. अमेरिकेत दोन पद्धती आहेत. ‘नीड-ब्लाइंड’ म्हणजे निवड करताना तुम्हाला मदत लागणार की नाही हे पाहिलं जात नाही. ‘नीड-अवेअर’ म्हणजे पाहिलं जातं आणि मदत मागितल्याने संधी घटू शकते. परदेशी विद्यार्थ्यांसाठीही नीड-ब्लाइंड असलेली कॉलेजं मोजकीच: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडन आणि आणखी थोडी. यादीत हळूहळू भर पडते आहे, पण बाकी बहुतेक ठिकाणी परदेशी अर्जदाराची ऐपत तोलली जाते. अशा ठिकाणी मदतीची गरज आधी लपवून प्रवेशानंतर मागू, हा डाव सहसा अंगाशी येतो. प्रवेशावेळी न मागणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला नंतर मदत न देण्याचा नियमच अनेक कॉलेजांत आहे.

‘अर्ली डिसिजन’ हा शब्दही समजून घ्या. नोव्हेंबरच्या सुरुवातीला एकाच कॉलेजला अर्ज करायचा आणि होकार आला तर तिथेच जायचं, असा तो बांधील करार आहे. जाहीर झालेली मदत अपुरी पडली तर सुटता येतं, पण तोवर वेगवेगळ्या कॉलेजांच्या मदतीची तुलना करायची संधी गेलेली असते. ‘अर्ली अ‍ॅक्शन’मध्ये अशी बांधिलकी नसते. पैशाचा प्रश्न मोठा असेल तर दुसरा मार्ग बरा.

‘कन्सल्टंट घ्यावा का?’

फुकट सल्ला देणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: तुम्हाला पैसे कोण देतं? ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातली अनेक विद्यापीठं एजंटांना दाखल झालेल्या विद्यार्थ्यामागे कमिशन देतात. हे बेकायदा नाही, पण मग सल्ल्याचं माप कुणाकडे झुकेल ते उघड आहे. जे विद्यापीठ कमिशन देत नाही, त्याचं नाव तुमच्या यादीत येणारच नाही.

भरभक्कम फी घेणाऱ्यांचा धोका वेगळा. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेत उघड झालेल्या घोटाळ्यात विल्यम ‘रिक’ सिंगर या सल्लागाराने श्रीमंतांच्या मुलांना खोटे खेळाडू बनवून, परीक्षांत फेरफार करून प्रवेश मिळवून दिले होते. त्याला तुरुंगवास झाला, पालकही तुरुंगात गेले आणि काही मुलांचे प्रवेश रद्द झाले. तुमच्याकडे येणारा इतक्या टोकाला जाणार नाही, पण ‘निबंध आम्ही लिहून देतो’ म्हणणारा त्याच रस्त्यावरचा आहे. चांगला सल्लागार प्रश्न विचारतो, मुदती सांभाळतो आणि तुमचं वाक्य खोडून तिथे स्वतःचं लिहीत नाही.

यादी कशी करायची

रँकिंग उघडून वरून वीस नावं उतरवणं ही सगळ्यात वाईट पद्धत. त्यापेक्षा ‘कॉमन डेटा सेट’ शोधा. अमेरिकेतली बहुतेक कॉलेजं दरवर्षी हा तक्ता प्रसिद्ध करतात. त्यातल्या सी-७ या भागात कॉलेज स्वतः सांगतं की गुण, निबंध, मुलाखत, उपक्रम, अर्जदाराने दाखवलेलं स्वारस्य यांपैकी काय ‘अत्यंत महत्त्वाचं’ आणि काय ‘विचारात घेत नाही’. एच-६ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांना किती मदत दिली ते असतं. दहा कॉलेजांचे हे दोन भाग शेजारी ठेवून पाहिले की अर्धी यादी आपोआप गळते. अर्ज शुल्कही वाचतं.

उरलेल्यांत दोन-तीन अशी ठेवा जिथे प्रवेश जवळपास नक्की आहे, परवडणार आहे आणि जिथे जायला खरंच आवडेल. ‘सेफ्टी’ म्हणून नाक मुरडत भरलेलं कॉलेज ऐनवेळी कामाचं ठरत नाही.

होकार आला, पुढे?

ब्रिटनमधला होकार बहुधा सशर्त असतो: अंतिम परीक्षेत इतके गुण पडले तर. दोन होकार हाताशी ठेवता येतात, एक पक्का आणि एक राखीव. राखीवची अट पक्क्यापेक्षा सोपी असेल तरच त्याला अर्थ आहे. अमेरिकेत अंतिम गुणपत्रक मागवतात आणि शेवटच्या सत्रात गुण कोसळले तर होकार मागे घेतल्याची उदाहरणं आहेत. पदवीसाठी उत्तर द्यायची तारीख सहसा १ मे असते. वेटलिस्टवर असाल तरी त्या तारखेपर्यंत दुसरीकडे जागा पक्की करा. मग वेटलिस्टवाल्यांना एक छोटं पत्र पाठवा: अर्जानंतर नवीन काय घडलं, आणि जागा मिळाली तर नक्की येणार आहात का. नक्की नसेल तर तसं लिहू नका.

पीएचडीला आर्थिक मदतीसह होकार आला आणि विभागाने आठवड्याभरात उत्तर मागितलं, तर घाबरून हो म्हणू नका. अमेरिकेतल्या बहुसंख्य मोठ्या विद्यापीठांनी एका सामायिक ठरावावर सह्या केल्या आहेत. त्यानुसार अशा प्रस्तावाला १५ एप्रिलच्या आधी उत्तर देणं विद्यार्थ्यावर बंधनकारक नसतं. तुमचं विद्यापीठ त्या यादीत आहे का ते पाहा आणि ठरावाचा उल्लेख करून तेवढी मुदत मागा.